वाघाच्या पोटातला बैल

डॉक्टर सुरुची प्रताप नगरात राहायच्या आणि शहराबाहेरच्या एका वन्यप्राणी केंद्रात जखमी वाघ-बिबट्यांवर उपचार करायच्या. हात हलका, जीभ मात्र तिखट.

पारशिवनीकडच्या एका शेतात पंजाला जखम झालेला वाघ पकडला, तेव्हा त्या स्वतः तिथे होत्या. मारलेल्या बैलाशेजारीच तो सुस्तावून पडला होता. बेशुद्ध करून झोळीत उचलताना त्याचं तट्ट फुगलेलं पोट त्यांच्या तळहाताला लागलं. "पोटुशी हाय का काय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काट्यावर वजन भरलं दोनशे अठरा किलो.

केंद्रात त्याला खाऊ घालायचं काम चंद्रभानकडे होतं. अबोल, पन्नाशीचा माणूस. काही आठवड्यांनी वाघ पुन्हा काट्यावर घेतला, तर एकशे नव्वद. सुरुचींचा पारा चढला. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "चंद्रभान, वाघाचं मांस जातं कुठे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कायले खाऊ वाघाचं, मॅडम?" एवढंच तो बोलला. पण शब्द सुटला होता. लोक त्याला 'वाघाचा वाटेकरी' म्हणू लागले. एक दिवस तो आलाच नाही. मग कधीच आला नाही.

पंजा बरा झाला. रानात सोडायच्या आधी वाघाचं वजन केलं आणि मग त्याला अख्खं रेडकू दिलं. सकाळी हाडं तेवढी उरली होती. पिंजरा काट्यावर चढवला आणि सुरुची आकड्याकडे बघतच राहिल्या. एका जेवणात वाघ पंचवीस किलोंनी वाढला होता.

भुकेला वाघ एका बैठकीत किती खातो, हे त्या कॉलेजातच शिकल्या होत्या. पहिल्या वजनात बैलाचं मांसही तोललं गेलं होतं. ते फुगलेलं पोट तर त्यांच्याच हाताला लागलं होतं. वाघाला घेऊन गाडी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे हात मात्र वर येईनात.

त्यांनी केंद्राच्या साहेबांसमोर, सगळ्या माणसांसमोर चूक कबूल केली आणि तशाच चंद्रभानच्या गावी गेल्या. तो धानाच्या बांधीत वाकून तण निंदत होता. त्यांनी सगळं सांगितलं, हात जोडले.

"वाघ सुटला नं?" त्यानं विचारलं.

"सुटला."

"बरं झालं." तो पुन्हा वाकला. मग मान वर न करता म्हणाला, "इचारलं असतं तं सांगतलं असतं, मॅडम. तुमी इचारलंच नाई, ठरवून टाकलं. पोरीच्या सासरपोत गेली गोष्ट. मी आता तिकडं येत नाई."

बांधावर बसलेली त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "जेवतानी घास अडकते वं बाई त्यायचा."

सुरुची तिथून थेट रामटेकला गेल्या. चंद्रभानच्या मुलीच्या सासऱ्यांसमोर, वामनरावांसमोर उभ्या राहून त्यांनी सांगितलं, "चंद्रभानजींनी काहीच केलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला."

"आमी तं मानलंच नवतं," वामनराव दुसरीकडे बघत म्हणाले. चहा झाला.

निघताना मुलगी, कामिनी, फाटकापर्यंत आली. "बाबा वाघाच्या लय गोष्टी सांगे," ती म्हणाली. "आता नाव बी काढत नाई."

सुरुचींनी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि फाटक लावलं.