कोंडीचं लुगडं

कुणाच्या अंगावर लुगडं कसं बसेल हे झुंबरबाईला नुसतं बघून कळायचं. ती मावळातल्या तिकोणा पेठेची. भाद्रपदात गावातल्या सात-आठ घरच्या गौरी तीच उभ्या करायची. बांबूच्या तिवईला ती असं लुगडं नेसवायची, की गौर आता पदर खोचून चुलीपाशी जाईल असं वाटावं. जत्रेत सोंगं निघायची तेव्हा मिशा काढलेले गडी तिच्यापुढं ओळीनं उभे राहायचे. एखादा हसला, की त्याच्या पोटावर चापट मारून ती म्हणायची, "पोट आत घे. बाई हायेस तू आता."

लग्न होऊन ती लोणावळ्याला आली. नवरा हौशीराम घाटात रेल्वेचा गँगमन. झुंबरबाई आणि तिची धाकटी जाऊ शालूबाई, दोघी मुंबईकरांच्या बंगल्यांवर कामाला जायच्या. उन्हाळ्यात बंगले भरायचे, पावसाळ्यात ओस पडायचे, आणि या दोघींच्या चुलीही त्याच हिशेबानं पेटायच्या.

बेचाळीस साली लढाईमुळं सगळंच उलटंपालटं झालं. मुंबईतल्या एका कॉलेजची इमारत लष्करानं इस्पितळासाठी घेतली आणि दिवाळीनंतर ते कॉलेज बाकांसकट लोणावळ्यात येऊन बसलं. एका शेटजीच्या तीन बंगल्यांत वर्ग भरू लागले, चौथ्यात मुलांची खानावळ निघाली. झुंबरबाईला तिथं तांदूळ निवडायचं आणि भाकरी थापायचं काम मिळालं.

पौषात स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झाली. सकाळी धुकं इतकं दाट असायचं, की धावणारी पोरं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. दोन बंगल्यांमधल्या माळावरचं गवत कापून मैदान केलं होतं. लांब उडीसाठी इंद्रायणीची वाळू आणली होती. पोत्यांच्या शर्यतीला खानावळीतली तांदळाची पोती गेली, आणि झुंबरबाईनं ती मोजून परत मागून घेतली. व्हरांड्यात मुलींनी काढलेली चित्रं टांगली होती. लढाईमुळं दिवे लावायला बंदी, म्हणून नाटक दुपारी चार वाजता उघड्यावर करायचं ठरलं.

नाटक वागळे नावाच्या मुलानं लिहिलं होतं. हुशार पोरगा, बोलताना सारखा चष्मा वर सारायचा. मुलामुलींनी एकत्र काम करायचं नाही असा कॉलेजचा नियम होता, त्यामुळं बायकांची कामंही मुलांनीच करायची होती. मुंबईच्या मुलींना आपापली साडी नेसता येत होती, पण दुसऱ्याला, त्यातही पुरुषाला, नऊवारी नेसवणं ही निराळीच विद्या. खानावळीच्या आचाऱ्यानं झुंबरबाईचं नाव सुचवलं.

तिला ते मनापासून आवडलं. नाटकातल्या मालकिणीला तिनं पायघोळ नेसवलं, म्हाताऱ्या आत्याला सैलसर. मग कर्णिक तिच्यापुढं उभा राहिला. त्याच्याकडं मोलकरणीचं काम होतं, कोंडी नावाच्या मावळातल्या बाईचं.

"हिचं लुगडं आडवं नेसवायचं," झुंबरबाई म्हणाली. "गुडघ्याच्या खाली येऊ द्यायचं न्हाई. कामाची बाई हाय."

तालीम सुरू झाली आणि ती कोपऱ्यात बसून बघू लागली. कोंडी म्हणाली, "द्येव अक्कल वाटत हुता, तवा आमी भात लावित हुतो." झुंबरबाई स्वतःच इतकी हसली, की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. पण पुढं मालकिणीचा चांदीचा चमचा हरवतो. मालकीण कोंडीवर आळ घेते, तिच्या लुगड्याला हात घालते, लुगडं सुटतं, आणि ओच्यातून चमचा, साखर, खारका असं सगळं खळखळ जमिनीवर पडतं. इथं सगळी पोरं लोटपोट हसली. झुंबरबाईच्या तोंडावरचं हसू तेवढं गेलं.

दोन वर्षांमागं एका बंगल्यात असाच चांदीचा चमचा हरवला होता. तिथल्या बाईनं शालूबाईला अंगणात उभी केली. माळी बघत होता, ड्रायव्हर बघत होता. त्यांच्यादेखत तिला लुगडं सोडून झाडून दाखवायला लावलं. झुंबरबाई धावत पोचली तेव्हा शालू दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून उभी होती आणि काही केल्या तिच्या हातून निऱ्या धरवत नव्हत्या. झुंबरबाईनं तिथंच, सगळ्यांकडं पाठ करून, तिला लुगडं नेसवलं. चमचा संध्याकाळी मोरीत सापडला. त्यानंतर शालूबाई कुठल्याच बंगल्याची पायरी चढली नाही.

झुंबरबाई उठली. कर्णिक सुटलेलं लुगडं गोळा करत होता. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि घडी घालायला लागली.

"वागळेदादा, ह्या बाईला मी न्हाई नेसवायची."

वागळेला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. "का? काय झालं?"

"मावळातली बाई येडी हाय, असू दे. आमच्यात बी येडी मान्सं हायेत, तुमच्यात बी असतील. पर ती चोर न्हाई. आन तिच्या लुगड्याला कुनी हात लावायचा न्हाई."

"अहो, गंमत आहे ती. लोक हसतील."

"हसतील, म्हनूनच."

"मग शेवटी लोकांनी हसायचं कशावर?"

"ते तुमी शोधा. शिकल्याली मान्सं तुमी."

दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतःच नेसवून पाहिलं. कोंडी पहिल्याच प्रवेशात पायात लुगडं अडकून पडली. मग वागळेनं गावातल्या धोंडाबाईला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि "झुंबर न्हाई म्हनली ना? मंग न्हाईच," एवढं बोलून घरची वाट धरली. संमेलनाचे प्रमुख प्राध्यापक देवस्थळी यांनी झुंबरबाईला बोलावून बजावलं, की खानावळीत दुसऱ्या बायका ठेवता येतात. ती म्हणाली, "ठिवा की." घरी हौशीराम चरकला. दिवस लढाईचे, तांदूळ मिळेना झालेला. तो म्हणाला, "नाटकच त्ये. आपल्याला काय करायचंय?" तिनं भाकरी जरा जोरातच थापली.

नाटकाच्या आदल्या दिवशी वागळे स्वतः आला. "ठीक आहे, झडतीचा प्रवेश काढून टाकतो," तो म्हणाला. बोलताना त्यानं चष्मा वर सारला नाही. झुंबरबाईला ते खटकलं, पण त्यानं शब्द दिला म्हटल्यावर नेसवायला नाही म्हणणं तिला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कर्णिकला नेसवलं. मात्र जत्रेत दांडपट्टा खेळणाऱ्या सोंगाला नेसवतात तसं. कमरेला आतून दोरी, तिच्यावर दुहेरी गाठ, काष्टा मागं खेचून दोरीखाली दोनदा दाबलेला.

"मावशी, श्वास कोंडतोय," कर्णिक म्हणाला.

"कोंडू दे. बायांचा रोज कोंडतो."

मग त्यानंच खाली बघत, हळूच सांगितलं, "वागळेनं झडती काढलेली नाही. चमचा ओच्यात घालायला दिलाय मला."

झुंबरबाईनं हात पुढं केला. त्यानं चमचा, साखरेची पुडी, खारका असं सगळं तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते आपल्या कमरेला खोचलं आणि ती प्रेक्षकांच्या मागं बांधलेल्या दोरीपलीकडं, नोकरमाणसांत जाऊन उभी राहिली.

पुढं खुर्च्यांवर पाहुणे, गाद्यांवर विद्यार्थी. मागं आचारी, माळी, गँगमन, बघायला आलेली गावची माणसं. नाटक रंगलं. भात लावायचं वाक्य आलं तेव्हा मागची माणसं जास्त हसली. मग झडती आली. मालकीण झालेल्या मुलानं लुगडं ओढलं. लुगडं हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं, तर कोंडीच त्याच्याबरोबर फरफटत दोन पावलं पुढं आली. विंगेतून वागळे काहीतरी खुणा करत होता. मालकिणीला पुढचं वाक्य सुचेना.

कर्णिक सरळ उभा राहिला. मुंबईचा मुलगा, पण दोन महिने खानावळीत मावळी बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

"वढा की बाईसायेब," तो म्हणाला. "आजून वढा. आन चमचा न्हाई सापडला, तर ह्या समद्यांम्होरं माझी माफी मागा."

पुढच्या खुर्च्यांवर कुणी हसलं नाही. हसायचं असतं की नाही हेच त्यांना कळेना. मागून मात्र एक शिट्टी वाजली, पाठोपाठ टाळ्या वाजल्या, आणि त्यांत गाद्यांवरच्या काही मुलींच्याही टाळ्या होत्या. मालकीण झालेल्या मुलानं लुगड्यावरचा हात काढला. मग पुटपुटला, "चुकलं माझं." नाटक कसंबसं पुढं सरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्सीखेच चालू असताना देवस्थळींनी झुंबरबाईला मैदानाच्या कडेला गाठलं.

"उद्यापासून येऊ नकोस. नाटकाचा बेरंग केलास तू."

"काय बिघडलं नाटकात?"

"पाहुणे हसले नाहीत."

"मंग नाटक चांगलं झालं म्हना." तिनं कमरेचा चमचा, पुडी आणि खारका काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. "ह्ये तुमचं. नीट बघून घ्या, मागनं कमी पडलं म्हनू नका."

खानावळ सुटली. त्या उन्हाळ्यात तिनं आणि शालूबाईनं स्टेशनाबाहेर करवंदं आणि जांभळं विकली, पावसात माहेरी जाऊन भात लावला. हौशीराम धुसफुसला, पण गँगवरचे लोक येऊन त्याला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. सांगता सांगता तोही ताठ बसायला लागला.

पुढच्या पौषात कॉलेज अजून लोणावळ्यातच होतं. संमेलनाचा सेक्रेटरी आता कर्णिक होता. एका सकाळी तो झुंबरबाईच्या ओट्यावर आला. "मावशी, नऊ लुगडी नेसवायची आहेत. देवस्थळी सरांनीच पाठवलंय."

"त्येंना सांगा, आधी नाटक वाचून दावा. समदं."

कर्णिक देवस्थळींकडं गेला. तिथं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण दुपारी तो वही घेऊन परत आला आणि ओट्यावर मांडी घालून बसला. झुंबरबाई सुपात तांदूळ निवडत होती. शेजारी शालूबाई. पहिला अंक तिनं खडे वेचत ऐकला. दुसऱ्यात एके ठिकाणी हसली. तिसऱ्यात तिनं सूप खाली ठेवलं.

"ही हौसा. सकाळधरनं पानी भरती, भांडी घासती, पोरं सांभाळती. येक शबुद न्हाई बोलत. मुकी हाय का?"

कर्णिकनं वही चाळली. "नाही. तिला बोलायला काही लिहिलेलंच नाही."

"मंग लिवा."

"काय बोलेल ती?"

झुंबरबाईनं जावेकडं पाहिलं. शालूबाईनं आधी नको म्हणून मान हलवली, पदर नीट केला, आणि मग सांगू लागली. कर्णिक लिहीत राहिला. ओट्यावरचं ऊन सरलं तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. त्यातलं निम्मंच नाटकात बसलं, आणि तेवढ्यानंही संमेलनात तिसरा अंक इतका लांबला, की पुढच्या खुर्च्यांवरचे दोन पाहुणे मधेच उठून चहाला गेले. शालूबाई मागं दोरीपाशी उभी राहून हौसेचं प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होती.