तीन पायऱ्यांचं जोतं

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीतच सुटली, पण घणसोली गावातलं माझं घर मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय. शेजारचं घर थोरल्या भावाचं, मधली भिंत एकच. त्याचं जोतं रस्त्याच्या बरोबरीने, माझं तीन पायऱ्या वर. बांधताना मी सगळ्यांना सांगितलं, पावसाचं पाणी आत येतं म्हणून. दादाच्या घरात पाणी कधीच आलं नव्हतं.

त्या वर्षी एक कपड्यांचा दुकानदार आला. दोन्ही घरांचे तळमजले त्याला भाड्याने हवे होते. मधली भिंत काढून एकच मोठं दुकान, आम्ही वर राहायचं. त्याच्या ठेकेदाराने दोन्हीकडे टेप लावला आणि मान हलवली.

"काका, जमीन एका लेव्हलला पायजे. गिऱ्हाईक कपडे बघत चालतं, खाली नाय बघत."

"मग दादाची भरा."

"त्यांची भरली तर डोकं स्लॅबला लागंल. तुमची फोडावी लागंल."

"माझं जोतं खाली येनार नाय."

मग दोन्ही नकोत, विचार करून कळवा, असं म्हणून दुकानदार गेला.

मला एका जागी बसवेना. ओट्यावर टेकलो की उठायचो, बाजारात जायचो, भाजी न घेताच परत यायचो. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला टेन्शन घेता? आपलं काय अडलंय?"

आपलं नव्हतंच अडलं. दादाला मूलबाळ नाही. त्या भाड्यावर त्याचं म्हातारपण निघालं असतं. आणि तो एका शब्दाने मागत नव्हता, त्याचाच मला जास्त राग.

शेवटी संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बोल की काय ते!"

"काय बोलू? तू बांदलंस तवापासून मी तुज्या तीन पायऱ्या चढलोय का कदी?"

"तुझे गुडघे दुखतात."

"आता दुखतात," दादा म्हणाला. "तवा नव्हते दुखत." मग हसला. "चा घेतोस?"

मी चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराला फोन लावला, "माणसं पाठव. पण पहिला घाव माझा." आणि कोणाची वाट न बघता पहार घेऊन वरची पायरी फोडायला लागलो. आवाजाने दादा बाहेर आला, खुर्ची टाकून बसला.

"पहार सरळ धर रं."

मी तिरकीच धरली आणि हाणली.