फ्लोरेस ते कोर्वो, दहा मिनिटं

इदालिना पिमेंतेल गेली एकोणीस वर्षं कोर्वो बेटाच्या विमानतळावर वारा बघते आणि रेडिओवरून वैमानिकांना सांगते. आमची धावपट्टी गाव संपलं की सुरू होते आणि समुद्र आला की संपते. समोरच्या फ्लोरेस बेटावरून विमान निघालं की दहा मिनिटांत इथे, अंतर फक्त पंचवीसेक किलोमीटर. पण आडवा वारा सुटला की तेवढंसं अंतरही तीन-तीन दिवस कापलं जात नाही.

त्या गुरुवारी विमान न येण्याचा चौथा दिवस होता आणि अडकली होती तिचीच पोरगी, ग्रासिएत, दिवस भरत आलेली. कोर्वोवर बाळंतपण होत नाही, सगळ्या जणी आधीच लांबच्या फायाल बेटावरच्या हॉस्पिटलला जाऊन राहतात. विमानात बसायची डॉक्टरची चिठ्ठी आजच संपत होती. उद्यापासून फक्त बोट, आणि समुद्र तर नुसता पिसाळलेला.

विमान फ्लोरेसला उभं होतं, इथे येऊन मग फायालला जाणार होतं. कॅप्टन क्वारेज्माने वारा विचारला. इदालिनाने वारा मोजायच्या यंत्रावरचा आकडा बघितला, सव्वीस नॉट. आडवा वारा वीसच्या वर असला की कॅप्टन येत नाही हे तिला पाठ होतं. ग्रासिएत दारातच बॅगेवर बसली होती.

"आई, एकोणीस सांग ना. उतरवेल तो, भारी पायलट आहे."

"सव्वीस आहे तर सव्वीसच सांगणार."

"नातवंड आहे गं तुझं."

"म्हणून तर. त्याच विमानात बसणारेस ना तू?"

ग्रासिएतने तोंड फिरवलं. इदालिनाने सव्वीसच सांगितला. क्वारेज्मा म्हणाला, मग मी सरळ फायालला जातो. ती म्हणाली, थांबा जरा. डोंगराच्या माथ्याला सकाळपासून चिकटलेला ढग एका बाजूने सुटत होता. तो पूर्ण सुटला की वारा अर्धा-पाऊण तास पडतो, तिने शंभरदा बघितलेलं. यायला दहा मिनिटं, माणसं चढवायला पंधरा, झालं की! लांबच्या बेटावरून विमान येणार असतं तर पोचेपर्यंत वारा परत उठला असता.

"कॅप्टन, तयार राहा. मी सांगते तेव्हा निघा."

क्वारेज्मा हसला. "इदालिनाबाई, तुमच्या ढगाला घड्याळ कळतं का?"

"मला कळतं."

विमानतळाच्या आगीच्या बंबावरचा तिबेरियो म्हणाला, एवढी खात्री तर मला स्वतःच्या लग्नातपण नव्हती.

अकरा वीसला ढग सुटला. बावीस, अठरा, चौदा. तिने निघा म्हटलं आणि दहाव्या मिनिटाला चाकं टेकली. तिला रेडिओ सोडून उठता येत नव्हतं. ग्रासिएत निघाली, अर्ध्यातून परत आली, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, दुष्ट आहेस तू, आणि रडायलाच लागली. इदालिनाने आकड्यावरची नजर न काढता तिच्या गालावर हात ठेवला. जा आता, म्हणाली.

विमान टोकाला जाऊन वळलं. क्वारेज्माने वारा विचारला.

"तेरा," ती म्हणाली.

खरंच का, असं त्याने विचारलं नाही. निघाला.