गुडघ्याखालचा तळहात

धुळ्याचे ते हाडांचे डॉक्टर सुरीपेक्षा तळहातच जास्त चालवत. कबड्डीत माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. दर खेपेला ते त्याला पाय लांब करायला लावत आणि गुडघ्याखाली हात सरकवून बघत. "अजून हात जातोय, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होत नाही. आखडलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, तर तो कायमचा आखडेल. घरी जा, व्यायाम कर."

मी आमच्या पारोळ्यात सांगत सुटलो, "डॉक्टर घाबरट शे. नुसता हात घालस!"

शेवटी एकदा हात अडला. मुलीचं लग्न ठरल्यासारखे डॉक्टर हसले. ऑपरेशन झालं, भाऊ पुन्हा मैदानात उतरला.

"मी तुम्हाला दटावलं म्हणून झालं," मी त्यांच्यासमोरच बढाई मारली.

"खरं आहे, नाना," म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटच्या गुडघ्याखाली हात घातला.

खरं नव्हतं. पारोळ्यात हे सांगायचं राहूनच गेलं.