साठ घरांचं इंग्रजी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एका खोलीत तासभर बसली की ते आपोआप साठतात, पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे. मग कोणीतरी एक दिवस बटण दाबतं आणि सगळं अंगावर येतं. परवा एका लग्नात पंगतीत कोणी म्हणालं, "भाऊ, तुमच्या त्या इंग्रजी वर्गाचं सांगा ना, मजा येते." सांगितलं. लोक पोट धरून हसले. मला मात्र जेवण गेलं नाही.

धुळ्याच्या देवपुरात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आठ मशीनं, त्यांतली सहा चालू. कॉम्प्युटर यायच्या आधीचा काळ, त्यामुळे धंदा बरा चालायचा. मी स्वतः मिनिटाला पन्नास इंग्रजी शब्द टाइप करायचो आणि त्यांतले तीन कळायचे. आमच्या गल्लीतले पवार सर, हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "तू पोस्टमन आहेस. पत्रं वाटतोस, वाचत नाहीस."

मला राग आला. खरं बोललं की येतोच. पुढच्या सोमवारपासून सकाळी साडेसहाला, माझी पहिली बॅच यायच्या आत, सरांचा वर्ग माझ्याच खोलीत सुरू झाला. फी नाही. चहा माझा.

*

सरांनी रद्दीवाल्याकडून एक गठ्ठा उचलला होता. विलायतेतल्या खेड्यांवरचं मासिक, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून रद्दीत आलेलं. गुळगुळीत कागद, त्यावर गाई, बागा, दगडी कुंपणं. सरांचं म्हणणं असं, की शेती आपल्या लोकांना येते, फक्त इंग्रजी येत नाही. म्हणजे निम्मा अभ्यास आधीच झालेला.

पद्धतही त्यांचीच. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. त्यातले दहा शब्द वहीत उतरवायचे. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करून आणायचं, आणि ते वाक्य आपल्याच घरचं, आपल्याच गावचं आणि खरं पाहिजे. खोटं वाक्य व्याकरणात कितीही बरोबर असो, सर लाल पेनने काट मारायचे. "भाषा खोट्याने शिकलात तर बोलायची वेळ आली की दगा देते," म्हणायचे.

पहिलाच लेख हवामानाचा. वैशाखातली सकाळ, धुळ्यात तेव्हाच पत्रा तापायला लागलेला. लेखात लिहिलेलं, की अखेर छान ऊन पडलं, म्हणून सगळं कुटुंब डबे घेऊन माळावर जाऊन बसलं.

वर्गात सुमनअक्का होत्या. माहेर पहूरचं, इथे सरकारी कॉटेज हॉस्पिटलात नर्स, नाइट ड्यूटी संपवून तशाच यायच्या. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "सर, यांना घरात कोणी घेत नाही का हो?"

*

अक्कांचा अजून एक. मासिकात कॉटेजचा फोटो आला. बुटकं घर, दारावर गुलाबाचा वेल, पायरीवर मांजर. शब्द वहीत गेला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी वाक्य वाचलं: आमच्या कॉटेजच्या पायरीवर काल एक बाई रात्रभर बसली होती, सकाळी मी तिला सांगितलं.

सरांनी विचारलं, "काय सांगितलं?"

"वाक्य तेवढंच आहे सर."

सरांनी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली. त्या दिवशी पुढचा परिच्छेद कोणी वाचला नाही. चहा पिऊन उठलो.

*

आबा आले ते पावसाळ्याच्या सुरुवातीला. सोनगीरच्या पुढे फाट्यावर उतरून आत चालत जायचं, तिथलं त्यांचं गाव. साठ घरं. साठीच्या पुढचा माणूस, धोतर, टोपी, हातात पिशवी, पिशवीत नवी कोरी वही. दारात उभे राहून म्हणाले, "इंग्लिश शिकाडतस ते हाईच का?"

सरांनी बसवलं आणि विचारलं, या वयात कशाला आबा?

त्यांचं गाव धरणात जाणार होतं. हे ठरून गेलेलं, त्याबद्दल आबांचं भांडण नव्हतं. भांडण एवढंच होतं की साठ घरं तीन ठिकाणी वाटून टाकायची असा कागद निघाला होता. दिवाळीनंतर सुनावणीला मोठे साहेब गावात येणार होते. साहेब पार दक्षिणेकडचे, मराठीचं अक्षर येत नाही, असं तलाठी सांगत होता. मध्ये कारकून उभा राहणार आणि गाव काय म्हणतं ते साहेबांना तो सांगणार.

"मधला मानूस आमनं निम्मं बोलनं खाई जास," आबा म्हणाले. "माले वाचानं नही, सर. माले एकच सांगानं शे. आमले बठ्ठासले एकच जागावर ठेवा."

सर म्हणाले, "सगळ्यांना एका जागी ठेवा, हे वाक्य सगळ्यात शेवटी शिकवीन. आधी गाय, विहीर, झाड."

आबा मान हलवून बसले. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या एस.टी.ने हजर. एकही खाडा नाही. माझ्या बॅचची पोरं एवढी नियमित आली असती तर मी दुसरी खोली घेतली असती.

*

आबा आल्यावर ते मासिक आम्हांला वेगळंच दिसायला लागलं. एका लेखात एक म्हातारा शेतकरी आपल्या गाईंना नावाने हाका मारतो असं होतं. आबांचा विश्वास बसेना. "गायीले नाव शे तठे बी?" त्यांनी तीनतीनदा खात्री करून घेतली. मग दिवसभर खूश. साहेबाच्या मुलखातही गाईला नाव असतं, म्हणजे साहेबाला माणसाचं कळेल, असा त्यांचा हिशेब.

आणखी एक लेख होता, एका बाईचा. गाव सोडून शहरात राहायला गेली, तिथून तिला गावची आठवण येते, पाखरं आठवतात, सकाळचं धुकं आठवतं. सरांनी फार रंगून वाचला. आबा शेवटपर्यंत थांबले, मग म्हणाले, "आनि तिना शेजारना? त्या कोठे गयात?"

सरांनी पान उलटून पाहिलं. "ते काही लिहिलेलं नाही."

"मंग लेख अर्धाच शे," आबा म्हणाले आणि वहीत पुढचा शब्द मागितला.

*

तो पुढचा शब्द शेजारी हाच होता. दुसऱ्या दिवशी आबांनी वाक्य आणलं: माझा शेजारी दगडू अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही. बांधावरून. दगडूने एकदा आबांवर कुऱ्हाड उगारली होती, आबांनीही त्याच्या बैलांची वाट अडवलेली. वाक्य सोळा आणे खरं होतं, सरांनी खूण केली.

मी आपला सहज बोलून गेलो, "मग आबा, बरंच झालं की. दगडूचं घर दुसऱ्या यादीत आहे. सुटलात."

आबांनी वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "भांडाले बी मानूस लागस ना, भाऊ. नवा मानूसशी कोन भांडी?"

*

आता आमच्या शहाणपणाचा किस्सा. हा मी लग्नात सांगत नाही, पण लोकांना माहीत असतोच.

दसऱ्याच्या सुमारास सरांच्या मनात आलं, की सुनावणीच्या आधी साहेबांकडे इंग्रजीत एक लेखी अर्ज गेला पाहिजे. साहेबांना कळलं पाहिजे की कसलं गाव तोडताय. झालं. सर, अक्का आणि मी, आम्ही तिघे कामाला लागलो. सहा महिन्यांचे शब्द वह्यांमध्ये पडून होते, ते सगळे बाहेर काढले. नाल्याला दोन महिने पाणी असतं, अर्जात तो बारमाही खळखळता झरा झाला. गायरानाचं हिरवंगार कुरण झालं. पाच लिंबाच्या झाडांची फळबाग झाली. मातीच्या घरांना दगडी कुंपणं आली, कुंपणांवर वेल चढले. अक्कांनी हौसेने मधमाश्या घातल्या. आणि खोट्या वाक्याला काट मारणारे सर, ते तर सगळ्यांच्या पुढे! मी तो अर्ज टाइप केला. एक खाडाखोड नाही, दोन्ही बाजूंना सारखा समास. आयुष्यात एवढं सुंदर काम केलं नव्हतं.

आबांना मराठीतून वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या चांगल्या गावाला कोणी हात लावणार नाही, असं म्हणाले. अंगठ्याच्या ऐवजी मोठ्या मेहनतीने इंग्रजीत सही केली.

महिन्याने उत्तर आलं, मराठीत, दोन ओळींचं. अर्जात वर्णन केलेलं गाव बुडीत क्षेत्राच्या यादीत आढळून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते पत्र आम्ही एकमेकांच्या हातात देत राहिलो. सर दोन दिवस वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सरळ आबांच्या पायाशी वाकले. आबा घाबरून उठले, "अहो सर, काय करतस!" सर म्हणाले, "आबा, मी शिक्षक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही." कोणी समजूत घातली नाही. माझ्या मनात तेच आलं होतं.

*

त्यानंतर मासिक बंद. आबांना फक्त तीन वाक्यं. सर, आम्ही साठ घरं आहोत. आमचं गाव पाण्याखाली जाईल. आम्हांला एका जागी ठेवा. रोज तासभर तीच. एकेका शब्दासाठी सर आबांचा जबडा धरून बसायचे.

आबा शेतात म्हणायचे, विहिरीवर म्हणायचे, एस.टी.त म्हणायचे. एकदा कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा आबा डोळे मिटून बसलेले. त्याने विचारलं, "बाबा, किती जण?" आबांच्या तोंडून निघालं, "वुई आर सिक्स्टी हाउसेस."

कंडक्टर म्हणाला, "तेवढे नाही बसणार. दोन गाड्या कराव्या लागतील."

गाडी हसली. आबांनी आम्हांला हे सांगितलं तेव्हा ते स्वतः हसले नाहीत. म्हणाले, "तो बी आमले दोन गाडीसमा वाटीच टाकस."

*

आता शेवटचा. गाव शेवटी तीन ठिकाणीच गेलं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आशा लावून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

सुनावणी गावातल्या शाळेसमोर होती. सर आजारी होते, म्हणून आबांसोबत मी गेलो. करंजाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, मागे साहेब. तरुण माणूस, चष्मा, चेहऱ्याने भला वाटला. शेजारी तो मधला कारकून. सगळं गाव जमिनीवर बसलेलं. दगडू पार मागे, एकटा.

आबांचं नाव पुकारलं. आबा उठले, टोपी नीट केली, पुढे गेले. कारकून म्हणाला, "बोला आबा, मी साहेबांना सांगतो." आबांनी त्याला हातानेच थांबवलं. ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सर. वुई आर सिक्स्टी हाउसेस."

साहेबांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. सरांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं.

"अवर व्हिलेज," आबा म्हणाले, "विल गो अंडर वॉटर." एकही शब्द चुकला नाही. आवाज हलला नाही, डोळा ओला झाला नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या गावाची खबर द्यावी तसे बोलत होते. आता एकच वाक्य राहिलं होतं.

तेवढ्यात साहेब हसले. फार चांगलं हसले, आदराने. खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "आबा, तुम्ही माझ्यासाठी एवढा त्रास घेतला. पण मी मराठी शिकलोय. खानदेशीपण समजते थोडी थोडी. तुम्ही तुमच्या भाषेत, मोकळेपणाने सांगा. मी ऐकतोय."

आबांनी तोंड उघडलं.

"साहेब, आमले..." एवढं म्हणाले. हनुवटी थरथरायला लागली. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. साहेब थांबले, कारकून थांबला, गाव थांबलं. मागून दगडू ओरडला, "बोल ना रे, बोल!" अकरा वर्षांत पहिल्यांदा. आबांची मान खालीच. थोड्या वेळाने ते वळले आणि येऊन माझ्या शेजारी मातीत बसले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेच हळू आवाजात म्हणाले, "इंग्लिशमा सांगता येत व्हतं, भाऊ."