अकरा दिवस बाकी होते

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बावीस वर्षांचा संसार आहे, माझ्या दाढदुखीपासून शाळेतल्या भांडणांपर्यंत त्याला सगळं माहीत आहे — हे सोडून. देवासमोर हात जोडले तरी मनातल्या मनातसुद्धा हे कधी उच्चारलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर चांगली बाई म्हणाला असतात. सगळे तेच म्हणतात.

मी जळगावात एका शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर सावद्याचं, घरची केळी. आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण वैशाली सहा. त्या दिवसापासून वैशूची वेणी, डबा, पाढे, ताप — सगळं माझ्याकडे आलं. ती मला अक्का म्हणते. अक्काने आईची उणीव भासू दिली नाही, असं लोक म्हणायचे. हे वाक्य मला ऐकायला आवडायचं. अजून आवडतं. म्हणजे बघा.

कुठून सुरुवात करू? मावसभावापासून करते.

वैशू पुण्यात नोकरीला लागली आणि तिथे तिला संदेश भेटला. धुळ्याचा मुलगा, वडील एसटीत होते, घर बौद्ध. आमच्या वडिलांच्या, आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की मला न विचारता लग्न केलंस तर सावद्याला येऊ नको. वैशूने शब्द पाळला. लग्न केलं नाही, घर मात्र एकत्र केलं. हे फक्त मला माहीत होतं. भाडेकराराच्या वेळी घरमालकीण विचारू लागली, हा तुमचा कोण? वैशूने मला फोन लावला आणि मी वर्गाबाहेर उभी राहून तिला शिकवलं — मावसभाऊ लिही. आतेभाऊ लिहू नको, आतेभावाशी आपल्याकडे लग्न होतं, बाईला लगेच संशय येईल. मावसभाऊ म्हणजे भाऊच. आडनाव वेगळं असलं तरी खपतं. आईला बहीणच नव्हती, पण घरमालकीण काय सावद्याला येऊन मावश्या मोजणार होती?

खूप हसलो होतो आम्ही त्या दिवशी. करारात आणि पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीत, दोन्हीकडे संदेश आमचा मावसभाऊ झाला. दोन वर्षं होता.

मग तो नोकरी मिळून ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे म्हणे लग्न न झालेल्या जोडीदारालाही बोलावून घेता येतं. फक्त एकत्र राहत होतो हे दाखवावं लागतं — दोघांचं खातं, दोघांच्या नावाची बिलं, फोटो, जवळच्या माणसांची पत्रं. आणि या दोघांनी दोन वर्षं काय केलं होतं? एकत्र असल्याची एकेक खूण पुसली होती. विजेचं बिल एकट्या वैशूच्या नावावर. फोटो काढले तर लगेच काढूनही टाकले. गावाकडचं कुणी येणार म्हटलं की संदेश बॅग उचलून मित्राकडे. दोघं एका पत्त्यावर राहत होते हे सांगणारा एकच कागद होता, आणि त्या कागदावर ते भाऊबहीण होते.

म्हणून माझं पत्र लागलं. मावसभाऊ हे नातं खोटं आहे, भीतीपोटी लिहिलं आहे आणि मीच लिहायला सांगितलं, असं घरातल्या कुणीतरी सांगायला हवं होतं.

तोवर आबा बदलले होते. थांबा — हे नीट सांगते, कारण सगळी मेख इथे आहे. वैशू एका रविवारी सावद्याला गेली आणि आबांच्या पुढ्यात बसून तिने सगळं सांगितलं, पुण्यातल्या घरासकट. मी दाराशी उभी होते. आता काय होतं ते बघायला उभी होते, असं म्हणा. आबांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग विचारलं, "पोरगं चांगलं हाये का?" ती हो म्हणाली. "मंग जाय. त्याले सुटी भेटली का दोघं या. मी अठीच मांडव टाकतो. कोनाचा फोन आला त मीबी सांगीन."

बस. एवढंच.

मला एकविसाव्या वर्षी पुण्याला एम.ए. करायचं होतं. प्रवेश मिळाला होता. पोरीच्या जातीला पुणं कशाला, असं म्हणून याच माणसाने दोन महिन्यांत पहिल्या आलेल्या स्थळाला मला देऊन टाकलं. मी रडलेसुद्धा नाही, मला वैशूचा डबा करायचा होता. आणि आता त्याच ओसरीवर — परदेश, परजात, लग्नाआधीचं एकत्र राहणं — सगळं तिला सुपारी कातरता कातरता मिळालं.

जात माझ्या मनात नव्हती असं म्हणणार नाही. होती, आमच्याकडे असते तशी. पण कारण ती नव्हती. जातीचं नाव पुढे केलं तर निदान चारचौघांसारखं पाप होईल. मला माझ्या बहिणीचं भलं बघवत नव्हतं. इतकं साधं होतं ते. आणि पुण्याची गोष्ट मी सांगितली ती कारण म्हणून घेऊ नका. ज्यांना शिकू दिलं नाही अशा बायका आमच्या गल्लीत घरटी एकेक आहेत. त्यांनी असं काही केलं नाही.

पत्र मात्र मी सुंदर लिहिलं. इंग्रजीची बाई ना. वैशूला डेंग्यू झाला तेव्हा संदेश आठ दिवस दवाखान्यात खुर्चीवर झोपला, ते लिहिलं. तो सकाळी तिच्या आधी उठून चहा करतो आणि तिच्या कपात साखर कमी घालतो, हेही. मी पुण्याला गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं. वैशू वाचून रडली आणि माझ्या गळ्यात पडली. अर्जात तिने चौकशीसाठी दोन नंबर दिले, एक माझा, एक आबांचा.

फोन मलाच आला. सकाळची शाळा, प्रार्थना नुकतीच संपली होती. मी मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी गेले. पलीकडची व्हिसा कचेरीतली बाई अगदी अदबीने बोलत होती. पत्र तुम्हीच लिहिलं का? हो. त्यातला मजकूर खरा आहे का?

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता आलं असतं. मिळाला. बाईने अजिबात घाई केली नाही. नळाखाली एक मुलगी बाटली भरत होती, ती भरून वर्गात जाईपर्यंत मी गप्प होते. मग म्हणाले, नाही. तो आमचा मावसभाऊच आहे. पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. आणि माझं नाव कळू देऊ नका. तिने आभार मानले.

हातपाय कापले असतील, घसा कोरडा पडला असेल — असं वाटतंय का तुम्हाला? काही झालं नाही. मी वर्गात गेले आणि फार छान शिकवलं त्या दिवशी. खरं सांगू? मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी जाणं-राहणं माझ्या एका शब्दावर होतं.

इथेच संपलं असतं तर मी म्हटलंही असतं की एक क्षण वाईट होता. पण तो एक क्षण नव्हता. पुढे आख्खा महिना होता.

काही दिवसांनी वैशूला तिकडच्या कचेरीचं पत्र आलं. कागदावर नातं मावसभावाचं आहे, आणि कुटुंबातल्या एका व्यक्तीनेही तसंच सांगितलं आहे. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा. ती पुण्याहून थेट माझ्याकडे आली. कुटुंबातली व्यक्ती म्हणजे कोण? नंबर दोनच दिलेले. अक्काने तर पत्र लिहिलं होतं. मग राहिलं कोण? मी आबांचं नाव घेतलं नाही. मी नुसती गप्प बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते पुरलं.

तिने माझ्यासमोर आबांना फोन लावला. स्पीकरवर होता. आबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मले कोनाचाच फोन आला नाही वं." ती विश्वास ठेवेना. शेवटी म्हणाली, यापुढे तुमच्याशी बोलणार नाही. आबा म्हणाले, "अक्काले इचार. अक्का, तू सांग वं हिले." मी चहा ठेवायला आत गेले.

सतराव्या दिवशी आबा जळगावला आले. सावद्याहून एसटीने, धुतलेलं धोतर नेसून, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत प्रतिज्ञापत्रासाठी कोरा बाँड पेपर होता, स्वतःचे दोन फोटो, आधार कार्ड आणि आईच्या माहेरचं जुनं रेशनकार्ड — त्यात आईच्या घरची सगळी नावं होती, तीन भाऊ आणि एकटी आई. कुणाला न विचारता त्यांनी ते मामाकडून शोधून आणलं होतं. चौथी शिकलेला माणूस, पण नेमका तोच कागद आणला. तुमच्या आईले बहीनच नव्हती त मावसभाऊ कोठून येईन, एवढं लिहून दे, मी सही करतो, असं म्हणाले.

त्या कागदाने सगळं निभावलं असतं. मला ते बघताक्षणी कळलं.

मी त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं, आबा, उशीर झाला, मुदत संपली. त्यांनी एकेक कागद परत पिशवीत ठेवला. कालच निंघालो असतो, म्हणाले, पन केळीची गाडी भरनं चालू व्हतं. चुकलं माहं. — ऐकलंत? चुकलं माहं, असं ते मला म्हणाले. मी त्यांना स्टँडवर रिक्षाने सोडलं आणि तिथूनच वैशूला फोन केला. सांगितलं, आबांना मी हातापाया पडून विचारलं, सही करायला तयार नाहीत. तू नको आता त्यांच्या नादी लागू.

अकरा दिवस बाकी होते.

वैशूने माझं तेच पत्र पुन्हा जोडून आपल्या परीने खुलासा पाठवला, संदेशच्या आईनेही धुळ्याहून प्रतिज्ञापत्र करून दिलं. पण ती पडली मुलाची आई. अर्ज फेटाळला. खोटी माहिती दिली म्हणून वैशूला तीन वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नव्हता, लग्न करूनसुद्धा. नोकरी सोडून परत येतो, असं संदेश म्हणत होता. मी वैशूला म्हटलं, आज येईल आणि जन्मभर तुला ऐकवेल. तिला पटलं. माझं तिला सगळं पटतं. तिनेच त्याला नको म्हणून कळवलं. आता त्याचं तिकडेच लग्न झालं आहे, मुलगी आहे.

वैशू शिरपूरला एका कॉलेजात शिकवते. एकटी राहते. माझं ते पत्र तिने कपाटात जपून ठेवलं आहे, साड्यांच्या घडीखाली. एकदा कुणा मैत्रिणीला ते दाखवताना ती म्हणाली, मी तिथेच होते — माझ्या बाजूने बोलणारं जगात एकच माणूस होतं. मैत्रिणीने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि मी हसले. नम्रपणे हसले.

दिवाळीला आम्ही तिघं सावद्याच्या घरात असतो. वैशू आबांशी बोलत नाही. त्यांना वाढायचं असलं तर माझ्याकडे बघून म्हणते, अक्का, आबांना भाजी विचार. मी विचारते. आबा मला सांगतात, मी तिला सांगते. दोघांचं बोलणं माझ्या तोंडून जातं आणि दोघं माझ्यावर विसंबून असतात. आबा आता थकले आहेत, वावरात जाणं बंद झालं. ती पिशवी अजून खुंटीला आहे, आत बाँड तसाच कोरा.

सांगायचं असेल तर आजही सांगता येईल. सावद्याला जायला दीड तास लागतो. शिरपूरला फोन लावायला तेवढाही नाही. मी सांगणार नाही. मला हे माहीत आहे, म्हणून तुम्हालाही माहीत असू दे.

गेल्या महिन्यात गेले होते. वैशू आलेली नव्हती. आबांनी सुपारी कातरता कातरता पुन्हा तेच विचारलं, वर्षातून दोन-तीनदा विचारतात, "तवा खरंच मुदत गेली व्हती का वं, माय?"

मी म्हटलं, हो आबा, गेली होती.