आक्कानं सोडलेली गोळी

माझी डॉक्टरकीची अख्खी नोकरी एका गोळीशी झगडण्यात गेली. बेळगावच्या इस्पितळात सत्तरच्या दशकात ती फुटाण्यांसारखी वाटली जायची. झोप येत नाही? घ्या गोळी. छातीत धडधडतंय? घ्या गोळी. पुढं गोळी बंद झाली की तीच माणसं थरथरायची, उजेड सोसायचा नाही, कानात शिट्ट्या वाजायच्या. मी म्हणायचो, हा जुना आजार नव्हे, गोळी सुटल्याचा त्रास आहे. वरिष्ठ हसायचे. "अहो, गोळी साधी आहे, बाईच मुळात घाबरट." डोकं असं तापायचं माझं! त्या रागापोटीच मी अशा पेशंटांच्या गोळ्या सोडवायच्या मागं लागलो.

आमची थोरली आक्का निपाणीला दिलेली. दाजी वारल्यावर कुणा डॉक्टरनं तिला तीच गोळी लावून दिली, ती वर्षानुवर्षं चालूच. एकदा तिच्याकडं गेलो तेव्हा म्हणालो, "आक्का, ह्या गोळ्या चांगल्या न्हाईत. पुढच्या खेपंला येतो, मग कशा सोडायच्या ते बघू."

आक्का कुठली थांबतीय! आषाढी एकादशी आली. चातुर्मासात बायका काहीतरी सोडतात. शेजारणीनं वांगं सोडलं, जावेनं कांदा सोडला आणि आमच्या आक्कासाहेबांनी देवापुढं गोळी सोडली. एका दिवसात. नेम म्हणजे नेम. अर्धं वांगं सोडलेलं कुणी ऐकलंय का?

'आक्काला वारं लागलंय' असा निरोप आला, तशी मी पहिली एसटी धरली. आक्का जमिनीवर पडलेली, हात लटलट कापत होते. सकाळीच फिट येऊन गेली होती. सासू तिचे पाय धरून बसलेली. मी गोळी पुढं केली.

"न्हाय रं. देवाम्होरं सोडलीया."

"आक्का, परत फिट आली तर जीव जाईल!"

"जाऊ दे. नेम मोडून जगू व्हय?"

मी ओरडलो, शिव्या घातल्या, समजावलं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. शेवटी मी उठलो आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. किती वर्षांत हात जोडले नव्हते. तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "देवा, हिचा नेम मी मोडतोय. पाप माझ्या माथी घाल, हिच्या न्हवं." मागं वळलो तर आक्का माझ्याकडं टक लावून बघत होती. मग तिनं तोंड उघडलं. गोळी मीच भरवली.

नंतर ती हळूहळू कमी केली. एवढीशी गोळी, ब्लेडनं चुरा व्हायचा. मग सासूचा अडकित्ता घेतला. अर्धी, पाव, पुढं नुसता कण. प्रत्येक वेळी कमी केली की आठ-पंधरा दिवस आक्काचे हाल. "मुडद्या, डागदर झालास ते मला माराय व्हय?" असं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लाडू पाठवायची. वर्ष उलटून गेलं तेव्हा कुठं ती मोकळी झाली. तेव्हापासून एकाही पेशंटला 'सोडा' म्हणालो नाही. 'कमी करूया' म्हणालो.

त्यानंतर तिच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं. थोरलीच्या वेळी आक्का गोळीवर होती. पाठवणीला खांबासारखी उभी, डोळ्यांत टिपूस नाही. 'लई धीराची बाई' म्हणून लोकांनी वाखाणली होती. ह्या वेळी पोरगी पाया पडायला वाकली आणि आक्का जी फुटली! बायका घाबरल्या, कुणी पाणी आणलं. एका नणंदेनं पर्समधून तीच गोळी काढून तिच्या ओठांजवळ नेली. "घे गं, बरं वाटंल."

मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, मधे सगळी माणसं.

आक्कानं तो हात बाजूला सारला. "नगं बाई. लेक चाललीया माझी. रडू द्या की मला."